पान की झाकण

दातांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला स्वतःच्या दाढेची काळजी असते. रेघबाईंना भिंतीवरच्या चित्राची असते. चित्र जरा कललेलं दिसलं, की त्यांची दाढ दुखायची थांबते आणि डोकं दुखायला लागतं. मग त्या उठतात, कुणाला विचारत नाहीत, समोर बसलेल्याच्या डोक्यावरून हात घालून चौकट सरळ करतात, मागे येऊन एक डोळा मिटून बघतात आणि त्या माणसाकडे असा कटाक्ष टाकतात, की इतका वेळ याच्या डोक्यावर हे वाकडं लटकत होतं आणि याला लाज कशी वाटली नाही! एकदा त्यांनी डॉक्टरांच्या पदवीची चौकटही अशीच सरळ केली होती. तोंडात कापूस होता तेव्हा. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी दाढ जरा जास्तच दुखली असं बाईंचं म्हणणं आहे.

गोड माणसाची गोष्ट ऐकायची असेल, तर ही ती नव्हे. रेघबाईंना गोड म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर बाई त्याचं व्याकरण आधी तपासतील.

रेघबाई हे नाव त्यांना नोकरीनं दिलं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप जातो, कुठे वळतो, कुठे त्याला झडप आहे, हे सगळं त्यांच्या हातच्या रेघांनी कागदावर उतरायचं. पुढे संगणक आला. बरोबरीचे लोक नाकं मुरडत बसले, बाईंनी तो शिकून घेतला आणि नाकं मुरडणाऱ्यांच्या चुका त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात 'आमच्या सरळ रेषेत चालणाऱ्या बाई' असं म्हटलं, तर बाईंनी उत्तराच्या भाषणात साहेबांच्या खोलीतल्या नकाशावर उत्तर दिशा चुकीची दाखवली आहे हे सांगितलं. टाळ्या कमीच पडल्या.

त्यांचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. सगळे त्याला धाकटाच म्हणतात, डोक्यावर केस राहिले नाहीत तरी. दोन मजली घर. वर बाई, खाली धाकटा आणि त्याची बायको. धाकटा मोजतो तो बोटांनी. वीत, दोन बोटं, 'केसभर', 'जरासं'. आणि काम झालं की एकच शब्द: "चालतंय." या एका शब्दानं बाईंच्या अंगाचा तिळपापड होतो. चालतंय काय? लिफ्ट चालते, माणूस चालतो. माप चालत नाही, ते एक तर बरोबर असतं नाही तर चूक.

अशा दोघांनी मिळून एक मशीन घेतलं, हीच मुळात थट्टा होती. आई तेव्हा होती. तिनंच म्हटलं, "तू चित्रं काढतेस, तो लाकूड कापतो, मग भांडायला तरी एक जागा करा." मशीन म्हणजे संगणकावर चालणारा, लाकूड कोरणारा छोटा राउटर, सुटे भाग आणून घरीच जोडायचा. खालच्या मजल्यावर पूर्वी स्कूटर ठेवायची खोली होती, तिथे धाकट्यानं तो जोडला. टेबलावर लाकूड शिकंज्यांनी आवळायचं, वर फिरणारं कटर, आणि ते कटर कुठे जायचं, किती खोल उतरायचं हे सगळं बाईंच्या फाइलीत. बाईंनी वर बसून पान-फूल काढायचं आणि खाली ते लाकडातून जसंच्या तसं उठायचं. सुरुवातीला दोघांनाही हे जादूच वाटलं होतं, पण तसं एकमेकांना सांगणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

नेमपाट्या केल्या, घड्याळाच्या तबकड्या केल्या, दोन्ही अंगांनी कोरलेले ट्रे केले. दोन्ही अंगांचं काम आलं की भांडण ठरलेलं. कारण एक बाजू कोरून झाली की लाकूड उलटावं लागतं, आणि उलटायच्या तऱ्हा दोन. बाई म्हणायच्या, पुस्तकाचं पान उलटतात तसं उलट. डावीकडचं उजवीकडे जाईल आणि वरची कड वरच राहील. धाकटा म्हणायचा, मशीनसमोर मी उभा असतो, माझी कंबर आहे. पेटीचं झाकण उघडावं तशी जवळची कड उचलून पलीकडे टाकतो. तसं केलं की वरची कड खाली येते. दोन्ही रीती बरोबर, फक्त मागच्या बाजूची फाइल त्या-त्या रीतीप्रमाणे फिरवून काढावी लागते. म्हणून बाई फाइल पक्की करण्याआधी जिन्यातून ओरडायच्या,

"पान की झाकण?"

आणि खालून उत्तर यायचं, "झाकण!"

"पान शिकायला काय होतं रे तुला?"

"तू ये कंबर वाकवायला!"

आई खाटेवर पडल्या-पडल्या हसायची. शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात डबे-वह्यांचा धंदा आहे.

मग आई खरोखरच खाटेला खिळली. बाईंनी काय केलं, तर एक तक्ता केला. कुठलं औषध कधी, कूस कुणी कधी बदलायची, रात्रीची पाळी कुणाची, डॉक्टरांना काय विचारायचं. सुंदर तक्ता होता, दोन रंगांत. खाटेच्या उशाशी लावला होता. औषधाची वेळ एकदाही चुकली नाही. पण आईला उचलायची, पुसायची, चादर बदलायची वेळ आली की बाईंचे हात थिजत. आईचं उघडं, हाडकलेलं अंग त्यांना बघवत नसे. त्या म्हणत, "मी औषध आणते," आणि बाहेर जात. ते काम धाकट्यानं केलं. लिफ्टचं वजन उचलणारे हात होते. आईला त्यानं पिसासारखं उचललं, आणि 'चालतंय' हा शब्द त्या खाटेपाशी कधी काढला नाही.

आई गेली. चार लोक भेटायला आले. कुणीतरी म्हणालं, बाईंनी किती व्यवस्थित केलं हो सगळं, तो तक्ता बघितला आम्ही. बाईंनी मान खाली घातली. धाकटा दारात उभा होता, रडून डोळे लाल झालेले. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हो. कागदावर आई हिनं सांभाळली, खाटेवर मी."

 बाई उठल्या, जिना चढून वर गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून अबोला.

आता या अबोल्यात मशीनचं काय झालं असतं? शहाण्या माणसांनी विकून टाकलं असतं. पण मशीन त्याला सोडायचं म्हणजे हार, हे बाईंचं गणित, आणि धाकट्याचंही तेच. तेव्हा काम चालूच राहिलं. जिना जिथे वळतो तिथे कोनाड्यात साबणाची एक डबी असते. बाई फाइल पेनड्राइव्हवर घालून डबीत ठेवतात. धाकटा कामावरून आला की उचलतो. बोलणं असेल तर ते भावजयीमार्फत. ती बालवाडीत शिकवते. दिवसभर तिथली मुलं, घरी आल्यावर ही दोन. "ताई म्हणतायत, कटर बोथट झालंय." "त्यांना सांग, फाइलच बोथट आहे." "अहो, ते म्हणतायत—" "ऐकलं मी. मला कान आहेत." मग कान आहेत तर मधे मी कशाला, असं ती बिचारी मनात म्हणे. दोन्ही अंगांचं काम मात्र तेव्हापासून दोघांनीही घेतलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. गिऱ्हाइकाला काही ना काही सबब सांगितली जायची.

राहिला आईचा फोटो. एकच चांगला फोटो होता, जुन्या काळचा, हातानं रंग भरलेला. तरुण आई, मान जरा तिरकी, ओठांवर हसू आवरल्याची खूण. तो कुठल्या मजल्यावर लावायचा यावर एकमत झालं नाही आणि एकमेकांनी केलेली चौकट चालणार नव्हती, म्हणून तो उशीच्या अभ्र्यात गुंडाळून बाईंच्या कपाटात पडून होता. कॉपी काढता आली असती, हे न कळायला दोघंही काही खुळी नव्हती. पण कॉपीवर भांडता येत नाही. भांडायला अस्सलच लागतं.

एक दिवस मावशी आली. आईची धाकटी बहीण. काठी टेकत चालते, पण आवाजाला काठी लागत नाही. ती तिच्या मुलाकडे कायमची राहायला निघाली होती, खूप लांब. तिनं दोघांना जिन्याच्या वळणावर बोलावलं, स्वतः खुर्चीवर बसली. बाई वरच्या पायरीवर, धाकटा खालच्या.

"माझी बहीण कपाटात आहे म्हणे," ती म्हणाली. "उशीच्या अभ्र्यात. जिवंत असताना तुम्ही तिला इतकं कोंडलं नव्हतं."

बाई कठड्यावरची धूळ बोटानं पुसायला लागल्या.

"मी जायच्या आधी मला ती भिंतीवर दिसली पाहिजे. या भिंतीवर, इथे, वळणावर. वर नाही नि खाली नाही. चौकट एकच. तू काढायची, यानं कापायची. नाही जमलं तर फोटो मी माझ्याबरोबर नेणार, आणि मग तुम्ही दोघं भिंतीकडे बघत बसा. तोवर तो माझ्याकडे राहील. जा, आण."

बाईंनी फोटो आणून दिला. देताना हात मागे-मागे येत होता. मावशी कुठे राहायला जातेय हे त्यांना माहीत होतं. तिथून फोटो परत यायचा नव्हता. आईचा चेहरा हल्ली आठवताना त्यांना तो खाटेवरचाच आठवे. हसू आवरणारी आई फक्त त्या कागदावर उरली होती. कागदावर! धाकट्याचं वाक्य आठवलं आणि त्यांनी दार जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर साबणाच्या डबीशेजारी एक फळी उभी होती. बाईंनी ती लगेच ओळखली. आईच्या खाटेच्या उशाची सागवानी फळी, जिच्यावर तक्ता चिकटवला होता. चिकटपट्टीचे चार डाग अजून होते. धाकट्यानं खाट मोडली होती. कुणाला न विचारता. बाईंचं डोकं तडकलं. खाट काय याची एकट्याची होती? आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की या फळीपेक्षा योग्य लाकूड शहरात कुठेही मिळणार नाही. हे लक्षात आल्यामुळे त्या आणखी चिडल्या. फळी एकच. चुकली तर दुसरी नाही.

नक्षी काढायला बाईंनी जीव ओतला. आई खिडकीत घेवड्याचा वेल लावायची, आणि त्या खिडकीत चिमण्या येत. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बाईंनी कुंड्या काढल्या. त्यांतून वेल दोन्ही बाजूंनी वर चढवले, प्रत्येक पान वेगळं, शेंगा लोंबणाऱ्या. वरच्या पट्टीवर मधोमध दोन चिमण्या, एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. पाठ का केली, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. फाइल डबीत गेली. भावजय निरोप घेऊन आली, "ते विचारतायत, शेंगांच्या मधे इतकी बारीक जागा ठेवलीय, कटर कुठून घालू?"

"त्याला सांग, बारीक कटर मिळतं बाजारात."

"ते म्हणाले होते ताई असंच म्हणतील. आणून ठेवलंय त्यांनी."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी खाली मशीन सुरू झालं. बाई वर खुर्चीत बसून फरशीतून ऐकत होत्या. जाड कटरचा घोगरा आवाज, मग ते बदलून गोल टोकाचं, मग ते बारीक, डास गुणगुणावा तसं. कुठे आवाज चढला की बाई खुर्चीचा हात धरत. एकदा मशीन मधेच थांबलं. बराच वेळ शांतता. काही मोडलं का? विचारायला तोंड उघडलं, मिटलं. मग झाडूचा आवाज आला. धाकटा भुसा काढत होता. बाईंनी त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या आणि घाम पुसला.

तो कामावर गेल्यावर त्या चोरासारख्या खाली गेल्या. चौकट अजून मशीनवरच आवळलेली होती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि चुका शोधायला वाकल्या. सापडल्या नाहीत. पानांच्या शिरा उठल्या होत्या, आणि जिथे कटरनं केसाळ धागे सोडले असते तिथे कुणीतरी बारीक पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून तासन्‌तास घासलेलं दिसत होतं. चिमण्यांचे डोळे त्यांनी फाइलीत ठेवलेच नव्हते. ते त्यानं सुईनं टोचून काढले होते. बाई तिथे किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. शेवटी त्यांना एक चूक सापडली, शिकंजा जरा तिरका लावला होता. तो सरळ करून त्या वर आल्या. बरं वाटलं.

राहिली मागची बाजू. काच आणि फोटो बसायला सगळीकडून खाच, आणि वरच्या पट्टीच्या मागे खिळ्यात अडकवायचं भोक. ती फाइल काढायला बसल्या आणि त्यांचा हात थांबला.

लाकूड उलटायचं होतं. पान की झाकण?

विचारायला हवं होतं. भावजयीला सांगता आलं असतं. पण हे दोन शब्द तिसऱ्याच्या तोंडी घालायचे, तिनं ते खाली नेऊन विचारायचे, आणि खाली त्यानं गालातल्या गालात हसायचं, की आली शेवटी विचारायला! बाईंना ते मरणाहून वाईट वाटलं. त्या दिवस-दिवस त्यावर बसून राहिल्या. मावशीच्या जाण्याचा दिवस तोंडावर आला. भावजय दोनदा डबी उघडून रिकामी बघून गेली. अखेर बाईंनी विचार केला तो असा. हा जन्मभर झाकण उलटत आला. आता याच्यासाठी मी पान बदलणार नाही म्हटलं, तर फळी जाईल. करू दे त्याचं झाकण. एकदा त्याचं खरं. त्याची कंबर दुखते म्हणे हल्ली. त्यांनी मागची फाइल झाकणाप्रमाणे फिरवली, वरची पट्टी उलटून खाली येणार म्हणून भोक खालच्या अंगाला आणलं, आणि पेनड्राइव्ह डबीत टाकून धाडकन झाकली. आपण माघार घेतली हे कुणाला कळणार नाही, एवढंच त्यातल्या त्यात समाधान.

मावशी आली तेव्हा खाली मशीन अजून चालूच होतं. ती वळणावरच्या खुर्चीत बसली, फोटो मांडीवर. भिंतीत खिळा तयार होता. मशीन थांबलं. धाकटा धापा टाकत जिना चढून आला; काखेत चौकट, हातात काच, भुवयांवर भुसा. कुणाशी न बोलता त्यानं चौकट स्टुलावर पालथी टाकली, काच बसवली, मावशीच्या हातून फोटो घेऊन आईचं डोकं भोकाच्या बाजूला येईल असा ठेवला, मागे पुठ्ठा लावून खिळे वळवले. उचलून भिंतीवर अडकवली आणि बाजूला झाला.

आई भिंतीवर आली. मान तिरकी, हसू आवरलेलं. मावशीच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

भावजय मात्र डोकं एका बाजूला कलवून बघत होती. बालवाडीत चित्रं बघायची सवय. "चिमण्या पडतायत," ती म्हणाली.

चिमण्या खालच्या पट्टीवर होत्या, डोकी खाली, पाय वर. कुंड्या आईच्या डोक्यावर उपड्या, आणि वेल त्यांतून सांडल्यासारखा खाली आलेला. शेंगा आकाशाकडे तोंड करून उभ्या.

धाकट्याचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "त्यांना म्हणावं," तो बायकोला म्हणाला, "भोक कुठे काढलंय ते बघा. जन्मभर पाइपाची तोंडं दाखवली, एक भोक दाखवता आलं नाही!"

"त्याला म्हणावं," बाई कडाडल्या, "मी झाकणाचं काढलं होतं. झाकणच उलटतो ना हा? डोळे मिटून उलटतो!"

"मी कुणाला काही म्हणणार नाही," भावजय म्हणाली. "झाकण म्हणजे काय तेच मला माहीत नाही. तुमचं तुम्ही बघा."

आणि धाकटा वळला. सरळ वर, बहिणीकडे.

"झाकणाचं काढलंस? तू? तुझं पान असतं! पान, पान, पान, डोकं खाल्लंस पानापायी माझं! म्हणून आज मी पान उलटलं!"

"तुला कोणी सांगितलं होतं पान उलटायला?"

"तुझं तोंड उघडं होतं का सांगायला? मला वाटलं, आईचं काम आहे, एकदा हिच्या मनासारखं—" तो थांबला. जे बोलून गेला त्याचाच त्याला राग आला.

बाईंना मीही, एवढंच म्हणायचं होतं. मीही तुझ्या मनासारखं केलं रे. शब्द ओठांपर्यंत आला. पण इतकी वर्षं तिथे दुसरंच काही दबा धरून बसलं होतं, ते आधी बाहेर पडलं.

"माझ्या मनासारखं करायचं होतं, तर त्या दिवशी चार लोकांत जीभ आवरायची होतीस!"

"खोटं बोललो होतो का? कागदावर—"

मावशीनं काठी फरशीवर आपटली. इतक्या जोरात, की काच थरथरली.

"पुरे! तिच्या तोंडासमोर उभं राहून बोलताय." ती उठली, भिंतीपाशी गेली आणि बोटानं उपड्या चिमणीला स्पर्श केला. धाकटा पुढे झाला, "मावशी, काढतो, वरच्या अंगाला एक हुक मारला की झालं, आत्ता होईल." बाईही त्याच वेळी पुढे झाल्या. चौकट वाकडी जरी असती तरी त्यांना बघवली नसती. ही तर साफ उलटी होती.

"हात लावायचा नाही," मावशी म्हणाली. "दोघांनीही. माझी बहीण सरळ आहे. उलटं आहे ते तुमचं काम. ते तसंच राहील. उद्या कुणी हुक मारला, फिरवली, काढली असं मला कळलं, तर मुलाला पाठवून फोटो नेईन. आणि कळेल मला." तिनं भावजयीकडे बघितलं. भावजयीनं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असेल, नणंदेकडे न बघता मान डोलावली.

मावशी गेली. फोटो राहिला. बाईंना जे हवं होतं ते मिळालं, आणि ते असं मिळालं.

आता बाई दिवसातून कितीदा तो जिना उतरतात-चढतात, तितक्या वेळा आई त्यांच्याकडे हसू आवरून बघते आणि तिच्या पायाशी चिमण्या उलट्या लोंबतात. पाहुणे विचारतात, हे असं का? वरून उत्तर येतं, "खाली विचारा." खालून येतं, "वर विचारा." दातांच्या डॉक्टरांकडे परवा चित्र चांगलंच कललं होतं. बाई बघत बसल्या. उठल्या नाहीत. आपल्या घरात काय लटकतंय हे ज्याला माहीत आहे, त्यानं दुसऱ्याच्या भिंतीला कुठल्या तोंडानं हात लावावा?

'कागदावर' हे वाक्य त्यांनी माफ केलेलं नाही. करणारही नाहीत, ते त्यांनी नीट विचार करून ठरवलंय. धाकट्यानंही ते मागे घेतलेलं नाही.

त्याच डॉक्टरांची एक पाटी आली, दारावर आडवी टांगायची, दोन्ही अंगांनी वाचता येईल अशी. कुणी सबब सांगितली नाही. बाईंनी पहिली बाजू काढली, डबीत ठेवली. खाली मशीन घरघरलं, थांबलं. शिकंजे सैल झाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बाई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांना कळलं होतं आता काय होणार, आणि त्यांनी दात आवळले.

"पान की झाकण?" खालून आवाज आला. त्यात प्रेम नव्हतं. भांडायला बाह्या सरसावून उभ्या असलेल्या माणसाचा आवाज होता तो.

बाई उठल्या, जिन्याच्या तोंडाशी आल्या. खाली वळणावर आई हसू आवरत होती.

"पान!" त्या ओरडल्या. "आणि नीट ऐक, बहिऱ्या, पान म्हणाले मी! पुन्हा माझ्या मनातलं ओळखायला जाऊ नकोस!"

"तुझ्या मनात शिरतंय कोण!" खालून उत्तर आलं, आणि लाकूड उलटल्याचा आवाज झाला.